महिन्याला साडेसहा हजारात पुण्यात राहणं जमेल का? (मुलगी, एफवाय बीएस्सी)

अहमदपूरची_लेक

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अहमदपूर तालुक्यातली, जि. लातूर. बारावी सायन्स झाली आणि पुण्यात शिवाजीनगर भागातल्या एका अनुदानित कॉलेजला एफवाय बीएस्सीला नंबर लागलाय, पुढं मायक्रोबायोलॉजी करायचंय. पहिल्या वर्षाची फी भरून झाली, प्रश्न राहायचा आणि खायचा आहे. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, लहान भाऊ दहावीला. पप्पा म्हणाले महिन्याला साडेसहा हजार काहीही झालं तरी पाठवतो पण त्याच्या वर जमणार नाही. आणि सुरुवातीला एकदाच पंधरा हजार, त्यात डिपॉझिट, गादी, बादली सगळं आलं.

मागच्या आठवड्यात पप्पा आणि मी पुण्याला जाऊन आलो. दोन दिवस नुसतं फिरलो. जेवणासकट पीजी कुणी साडेआठ सांगतं कुणी साडेनऊ. शनिवार पेठेत एका वाड्यात कॉट बघितली, दहा बाय बाराच्या खोलीत चार मुली, साडेचार हजार महिना आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट, वर एजंटला अर्धा महिना वेगळा. खिडकी एकच आणि ती पण जिन्यात उघडते. तरी ती कॉट आम्ही खाली उतरेपर्यंत दुसऱ्या कुणी घेतली असं एजंटनं सांगितलं.

परत येताना गाडीत पप्पा काहीच बोलले नाहीत. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा मला वडापाव घेऊन दिला आणि स्वतः फक्त चहा घेतला. तेव्हापासून मला सारखं वाटतंय की लातूरलाच ॲडमिशन घ्यावी का. मामा पण तेच म्हणतात.

ज्यांनी खरंच कमी पैशात पुण्यात शिक्षण केलंय त्यांनी सांगा प्लीज. मेस लावायची का हातानं करून खायचं? लांब राहून बसनं यायचं का पेठेत राहायचं? पहिल्याच वर्षी कुठं काम करता येतं का? एक वेळ जेवले तरी मला चालेल, ती सवय करता येईल.

नवीपेठ_पाचवं_वर्ष

ताई, तुझी शेवटची ओळ वाचली आणि सगळी कामं सोडून आधी हे लिहायला बसलो. एक वेळ जेवायचा विचार डोक्यातून काढून टाक. बाकी सगळं नंतर.

मी हिंगोलीचा, पाच वर्षं झाली नवी पेठेत, एमपीएससी करतोय. तिसऱ्या वर्षी घरी बोअरला पैसे लागले म्हणून मी घरून कमी मागवायला लागलो आणि मेसची एक वेळ बंद केली. सकाळी चहा-पोहे, दुपारी ताट, रात्री पार्ले-जी आणि पाणी. महिन्याला पंधराशे वाचायचे, मला वाटायचं जमलं आपल्याला. तीन महिन्यांनी अभ्यासिकेत उठून उभा राहिलो आणि डोळ्यापुढं अंधारी आली ती थेट खाली, शेजारच्या पोराच्या पाण्याच्या बाटलीवर पडलो. ससूनला केसपेपर काढला, हिमोग्लोबिन आठच्या खाली. औषधं, तपासण्या, जाणं-येणं, आणि पूर्वपरीक्षेच्या तोंडावर दोन महिने अभ्यास झाला नाही ते वेगळंच. साडेचार हजार वाचवले होते, त्याच्या दुप्पट गेले. आमच्या अभ्यासिकेत दर सीझनला असा एकतरी निघतो. तू तर बीएस्सीला, तुला दुपारभर प्रॅक्टिकलला उभं राहायचंय.

आता हिशोब. पेठेत मुलींची कॉट साधारण तीन ते साडेचार हजार, मेस दोन वेळची तीन हजार ते साडेतीन हजार. म्हणजे तुझे साडेसहा इथंच संपले, साबण आणि मोबाइलचा रिचार्ज पण राहिला. म्हणून खाजगी कॉटच्या भरवशावर येऊ नको, ते गणित बसतच नाही. आधी हॉस्टेल. कॉलेजचं हॉस्टेल, संस्थांची हॉस्टेलं, सरकारी हॉस्टेल, जिथं जिथं फॉर्म निघतो तिथं भर. कॉलेजला ॲडमिशन झाली म्हणजे हॉस्टेलला आपोआप होत नाही, त्याचा फॉर्म वेगळा, यादी वेगळी, आणि हे खेड्यातल्या पोरांना कुणी सांगतच नाही. मला पण नव्हतं सांगितलं, मी चौकशीला गेलो तेव्हा तारीख जाऊन चार दिवस झाले होते.

जर कॉटच घ्यावी लागली तर धनकवडी, आंबेगाव, वारजे, कर्वेनगर इकडं हजार-बाराशेनं स्वस्त मिळेल पण शिवाजीनगरला रोज बसनं दोन्हीकडून मिळून दोन-अडीच तास धर. आणि एजंटला टोकन द्यायचं नाही. माझ्यासोबतच्या एका पोरानं खोली न बघता पाच हजार टोकन दिलं, नंतर त्याच खोलीचं टोकन अजून तिघांकडून घेतलेलं निघालं. पैसे मालकाच्या हातात, पावती घेऊन, आणि डिपॉझिट परत कधी, नोटीस किती दिवसांची हे त्या पावतीवरच लिहून घ्यायचं.

सुमनकाकू_मेस

मी शनिवार पेठेत मुलींसाठी मेस चालवते, पंधरा वर्षं झाली. माझा मुलगा मला हे वाचून दाखवतो आणि मी सांगते तसं टाईप करतो.

बाळा, मेस लावताना तीन गोष्टी बघ. पहिलं म्हणजे पैसे भरायच्या आधी दोन दिवस जेवून बघ, एक दिवस सकाळी आणि एक दिवस रात्री, कारण बऱ्याच ठिकाणी सकाळचं जेवण चांगलं असतं आणि रात्री सकाळचीच आमटी पाणी घालून येते. डाळ बघ, भाजी नको बघू. भाजी कुणीही सजवतं, डाळ घट्ट आहे का ते बघ. दुसरं खाडा. आमच्याकडं सलग तीन दिवस खाडा असेल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तर पैसे वजा होतात, काही ठिकाणी दोन दिवसाला होतात, काही ठिकाणी होतच नाहीत. पोरी गावाला जातात, न सांगता जातात आणि मग भांडतात. सकाळी सातला मी कणीक भिजवते, त्या आधी कळलं तर मी कमी भिजवेन ना. तिसरं, तीन महिन्याचे पैसे एकदम भरले तर सूट म्हणतात, ते घेऊ नको, महिन्याचे महिन्याला भर. मेस बंद पडतात, हात बदलतात, मग तुझे पैसे कुणाकडं मागणार.

आणि रविवारी रात्री पुण्यात बहुतेक मेस बंद असते हे आधीच लक्षात ठेव, दुपारी फीस्ट असते आणि रात्री सुट्टी. नवीन पोरींना हे माहीत नसतं, पहिल्या रविवारी आठ वाजता दारात येऊन उभ्या राहतात. त्या रात्रीसाठी घरून काहीतरी आण. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजणी. लातूरकडच्या पोरी काळा मसाला आणि कारळाची चटणी आणतात, नुसत्या पोळीबरोबर पोट भरतं.

लोक म्हणतात मेसवाले फार घेतात. एकोणीस किलोचा कमर्शियल सिलिंडर लागतो, घरगुती चालत नाही, तेल वाढलं, पोळ्या लाटायला दोन बायका आहेत त्यांचा पगार. तीन हजारात दोन वेळा भाजी-पोळी-वरण-भात देऊन माझ्या हातात फार उरत नाही. पण ज्या पोरीची अडचण आहे तिनं येऊन सांगितलं तर मार्ग निघतो. माझ्याकडं दोघी अशा आहेत, संध्याकाळी एक तास वाढायला मदत करतात, त्यांचे मी रात्रीच्या जेवणाचे घेत नाही. अशा मेस अजूनही आहेत, विचारायला लाजू नको.

पाटी_पेन्सिल

मी उस्मानाबादची, आताचं धाराशिव. पुण्यात पाच वर्षं शिकले, घरून महिन्याला दोन हजाराच्या वर कधी आलं नाही (दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तेव्हाचे दोन हजार). आता नोकरी करते. जमेल तेवढं सविस्तर लिहिते कारण मला असंच कुणीतरी एकानं एसटी स्टँडवर बसून सांगितलं होतं.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती म्हणून संस्था आहे, १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली, खास खेड्यातून येणाऱ्या गरजू मुलामुलींसाठी. मुलींचं वेगळं वसतिगृह आहे. मार्क आणि घरची परिस्थिती बघतात, मुलाखत होते. तिथं राहणं-जेवण मिळून बाहेरच्या निम्म्याहून कमी खर्च येतो आणि कामाची वाटणी असते, आपलं आपण आवरायचं, जेवण वाढायचं. मी तिथंच वाढले असं म्हटलं तरी चालेल. मुलाखतीला जाताना पप्पांना घेऊन जा आणि जे आहे ते खरं सांग, चार एकर कोरडवाहू तर चार एकर कोरडवाहू. कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेची पण मुलींची मोठी वसतिगृहं आहेत, तिथंही चौकशी कर.

कागदपत्रं आजच सुरू कर, पुण्याला आल्यावर नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमिलेयर, रेशनकार्ड, आणि कॉलेजचं बोनाफाईड. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. आणि बँकेत जाऊन विचार की तुझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय, कारण महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल) पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात, तू फॉर्ममधे लिहिशील त्या खात्यात नाही. माझ्या मैत्रिणीचे पैसे एका जुन्या खात्यात जाऊन पडले होते, शाळेत असताना काढलेलं, पासबुक पण हरवलेलं, सात महिने तिला वाटत होतं शिष्यवृत्ती नामंजूर झाली.

तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस आणि इथं लिहूही नकोस, पण प्रत्येकासाठी काही ना काही आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यात जेवणाचे ३२,०००, राहायचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयम योजना. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर सुरू केलीये. खुल्या प्रवर्गात घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून फीमधे सवलत मिळते. प्रत्येकीच्या अटी वेगवेगळ्या आहेत, मार्कांच्या, कोर्सच्या, कॉलेजच्या, त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसून नीट समजून घे. एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन, या पैशावर महिन्याचा हिशोब बसवू नको. येतात, पण कधी येतील ते सांगता येत नाही, कधी वर्ष संपल्यावर येतात. आले की बाजूला ठेव, पुढच्या वर्षाला कामी येतील.

कामाचं म्हणशील तर पहिल्या सहा महिन्यात बाहेरचं काम धरू नको. कॉलेजमधेच कमवा आणि शिका योजना असते, पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांमधे विद्यार्थी विकास विभागाकडून चालते. तासावर पैसे, दिवसाला दोन-तीन तास, लायब्ररीत पुस्तकं लावणं, ऑफिसात नोंदी, बागेत झाडं, लॅबमधे मदत. पैसे थोडे आहेत पण काम कॉलेजातच, लेक्चर बुडत नाही, आणि रात्री उशिरा एकटीनं परत यायचा प्रश्न नाही. मी लायब्ररीत होते. त्याचा एक फायदा असा झाला की बुक बँकेत कुठलं पुस्तक कधी परत येतंय ते मला आधी कळायचं, तीन वर्षांत मी चारच पुस्तकं विकत घेतली, ती पण अप्पा बळवंत चौकातून जुनी.

रोजचा_पीएमटी

बाकी सगळं वरच्यांनी लिहिलंय, मी फक्त प्रवासाचं लिहितो. १ जून २०२५ पासून पीएमपीची, म्हणजे पुण्यातल्या सिटी बसची, तिकिटं वाढली, साधा महिन्याचा पास आता १५०० झालाय पण विद्यार्थी पास ७५० च आहे, बोनाफाईड लागतं. रोज दोनदा बस लागणार असेल तरच काढ, हॉस्टेल चालत जायच्या अंतरावर असेल तर गरज नाही. मेट्रोला विद्यार्थी कार्डावर ३० टक्के सूट आहे. गावाला जायला एसटीत मुलींना अर्धं तिकीट आहेच, मार्च २०२३ पासून, त्यामुळं ट्रॅव्हल्सनं जाऊ नको. ट्रॅव्हल्सचा उपयोग डबा मागवायला, ड्रायव्हरकडं पिशवी दिली की सकाळी पुण्यात मिळते, नाव आणि नंबर मार्करनं मोठा लिहायचा.

सामान नवीन घेऊ नको. मे-जूनमधे पोरं खोल्या सोडतात तेव्हा टेबल, बादल्या फुकटच्या भावात निघतात, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर चिठ्ठ्या असतात. नाहीतर जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो. फक्त गादी जुनी घेऊ नको, ढेकूण येतात आणि मग पूर्ण खोलीला त्रास.

अहमदपूरची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी दोनदा वाचलं आणि वहीत लिहून घेतलं. हिंगोलीचे दादा, एक वेळ जेवायचं नाही म्हणते, आईला पण तुमचं वाचून दाखवलं, ती रडली.

पाटी पेन्सिल ताई, समितीचं पप्पांना सांगितलं तर ते गप्प बसले आणि मग म्हणाले की संस्थेत कशाला, आपण काय निराधार आहोत का, मी आहे ना अजून कमवायला. लोकांना काय सांगायचं पोरगी संस्थेत टाकली म्हणून. सावकाराकडून काढतो पण तू खोली घेऊन नीट राहा, असं म्हणतात. मला सावकाराचं अजिबात नको आहे. मागच्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता तेव्हाचंच अजून फिटलेलं नाही. पप्पा वाईट नाहीत, त्यांना मनाला लागतंय. मी त्यांना काय सांगू?

जुना_पुणेकर

मुली, मी सत्तरीचा आहे. तुझ्या वडिलांसाठी लिहितो, त्यांना हे वाचून दाखव.

माझे वडील कोकणातून पुण्याला शिकायला आले ते वारावर जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात वारांना सात घरं लागायची. त्यांना पाचच मिळाली होती, दोन वार रिकामे जायचे, त्या दिवशी ते भिजवलेले शेंगदाणे खायचे. पुढं ते हेडमास्तर झाले. आमच्या घरी मी दहावी होईपर्यंत दर गुरुवारी एक विद्यार्थी जेवायला असायचा आणि त्याचं ताट आमच्या ताटांच्या रांगेतच मांडलेलं असायचं, वेगळं नाही, आणि त्याला तूप आधी वाढायचं हा वडिलांचा नियम होता. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला कळायला बरीच वर्षं लागली.

पुणं विद्येचं माहेरघर म्हणतात ते नुसतं कॉलेजांमुळं नाही झालं. गरीब पोरांना जेवू-खाऊ घालायची सोय इथं लोकांनी केली म्हणून झालं. १९०९ साली इथं अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह. तिकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली. त्यांच्याच कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलेले भाऊराव पाटील, त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका हे त्यांचंच. बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ते दागिने काय निराधारांवर उपकार म्हणून मोडले का? शेतकऱ्याची पोरं शिकली पाहिजेत म्हणून मोडले. तुमच्याच पोरांसाठी केलेली सोय आहे ती, बाबा. सावकाराचं व्याज देऊन ती सोय नाकारू नका.

आणि एकदा स्वतः येऊन वसतिगृह बघा, मुलींशी बोला, जेवणाच्या वेळेला जा. मग ठरवा.

नवीपेठ_पाचवं_वर्ष

काका, तुमचं वाचून मी पण घरी फोन केला आत्ता.

लेक, अजून एक. जर समितीत किंवा कॉलेजच्या हॉस्टेलला पहिल्या यादीत नाव नाही आलं तर घाबरायचं नाही, दुसरी-तिसरी यादी लागते कारण मेडिकल-इंजिनिअरिंगला नंबर लागला की पोरी सोडून जातात. तोपर्यंत एखादा महिना ओळखीच्या कुणाकडं काढता येतो का ते बघ. तुझ्या तालुक्यातली एकतरी पोरगी पुण्यात असेलच, शाळेत सरांना विचार, मागच्या दोन-तीन वर्षांत कोण कोण पुण्याला गेलं. तात्पुरती कॉट शेअर करायला मालक महिन्याला हजार-पंधराशे जास्त घेतात पण डिपॉझिट लागत नाही. तुझे ते पंधरा हजार एकदम डिपॉझिटात घालवू नको, अर्धे बँकेत राहू दे. आजारपण येतं, मोबाइल पडतो, अचानक गावाला जावं लागतं.

आणि एक अभ्यासाचं. खाजगी अभ्यासिकेला महिन्याला हजार-बाराशे घालवू नको, तुला त्याची गरज नाही, कॉलेजची रीडिंग रूम पुरेल. परीक्षेच्या आधी जागा मिळत नाही तेव्हा सकाळी सातला जाऊन बसायचं.

पाटी_पेन्सिल

काका, तुमचं ते तूप आधी वाढायचं वाचून फार वेळ तशीच बसले होते.

पप्पांच्या बाबतीत मी माझं सांगते. माझे वडील पण नाहीच म्हणत होते. मुलाखतीला आले तेव्हा तोंडावर रुमाल धरून बसलेले, कुणी ओळखीचं बघेल म्हणून. तिथं रांगेत शेजारी बीडचे एक शेतकरी होते, त्यांची मुलगी माझ्याच वयाची. दोघं बोलायला लागले, पाऊस, ऊस, कर्ज, आणि अर्ध्या तासात माझ्या वडिलांनी रुमाल खिशात ठेवला. पाच वर्षं दोघं एकमेकांना फोन करायचे, आम्ही पोरी भांडलो तरी ते बोलायचे.

मुलाखतीत एक प्रश्न नक्की येतो, पुण्यातच का शिकायचंय. त्याला पुस्तकी उत्तर देऊ नको. मायक्रोबायोलॉजीच का, ते तुझ्या शब्दात सांग.

अहमदपूरची_लेक

काल रात्री जेवणं झाल्यावर काकांचं लिहिलेलं पप्पांना वाचून दाखवलं. लक्ष्मीबाईंचं आलं तिथं त्यांनी थांबवलं आणि परत वाच म्हणाले. पप्पांचे चुलते रयतच्या शाळेत शिकले होते साताऱ्याकडं, हे मला माहीतच नव्हतं, काल पहिल्यांदा सांगितलं. मग काही बोलले नाहीत, झोपायला गेले.

आज सकाळी मी उठायच्या आधीच ते सेतू केंद्रात जाऊन रांगेत उभे राहिले होते. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाकलाय, आठ-दहा दिवसात मिळेल म्हणाले. डोमिसाईल पण सोबतच टाकला. बँकेत जाऊन आले, आधार दुसऱ्याच खात्याला होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. समितीचा आणि कॉलेजच्या हॉस्टेलचा दोन्ही फॉर्म भरले. सरांना विचारलं तर आमच्या शाळेतल्या दोघी पुण्यात आहेत, एक वारजेला आहे, तिचा नंबर मिळाला, ती म्हणाली यादी लागेपर्यंत माझ्याकडं राहा, मालकिणीला विचारून सांगते.

पुढच्या सोमवारी पुण्याला येतोय. सुमनकाकू, तुमच्याकडं दोन दिवस जेवून बघितलं तर चालेल का, मी आणि पप्पा दोघं? मेस मुलींची आहे म्हणून विचारते. आणि हॉस्टेलला इंडक्शन चालतो का, आई घेऊन देते म्हणतेय.

सुमनकाकू_मेस

सोमवारी दुपारी बाराच्या आत ये, नंतर गर्दी असते. वडिलांना पण आण, बाहेरच्या खोलीत दोघांची पानं मांडते. किती वाजता पोचताय ते रविवारीच कळव म्हणजे त्या हिशोबानं कणीक भिजवेन.

पाटी_पेन्सिल

इंडक्शन बहुतेक कुठल्याच हॉस्टेलला चालत नाही, सापडला तर दंड करतात. आईला म्हणावं त्याऐवजी घट्ट झाकणाचा चांगला डबा आणि एक जाड चादर दे. पुण्यात पहाटे थंडी असते.